रुसव्याच्या दिवसाचं गाणं

“आज गायचं न्हाई, साहेब. आज ती रुसलीय.”

माझी सासू मल्लव्वा हे बोलली तेव्हा आमच्या पाटीतल्या विड्या खिडकीच्या फळीवर ओतून झाल्या होत्या आणि गाजूल मॅनेजर त्यांतली एकेक उचलून चिमटीत दाबून बघत होता. वळलेल्या विड्या जमा करायच्या ब्रँचच्या त्या खिडकीपुढे गल्लीतल्या सगळ्या बायकांची रांग होती. सकाळची वेळ, प्रत्येकीच्या कडेवर पाटी, कुणाच्या पदराखाली पोर.

“कोण रुसलीय?” मॅनेजरनं न बघताच विचारलं.

“बतुकम्मा. आणि कोण?”

मागून पोशव्वा म्हणाली, “साहेबांची बायको रुसली वाटलं का काय त्यांना!” रांग खळाळून हसली. मॅनेजरचे कान लाल झाले.

सोलापूरच्या पूर्व भागातली आम्ही माणसं. मागं हातमाग, पदरात विड्या, घरात तेलुगू आणि चौकात मराठी. घरातलं बोलणंही मी इथं मराठीतच सांगते. बतुकम्मा ही आमची फुलांची देवी. पितरांच्या अवसेपासून नऊ दिवस ती घरोघर येते. ताटात तरवडाची पिवळी फुलं, त्यावर कुर्डूचे रंगवलेले तुरे, त्यावर झेंडू, असे थरावर थर चढवत कळस करायचा आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा बसवायची. सांजेला ते ताट मधोमध ठेवून बायकांनी टाळ्या देत फेर धरायचा. एकीनं, आमच्या गल्लीत माझ्या सासूनं, ओळ टाकायची, बाकीच्यांनी ‘उय्यालो’ म्हणून ती झेलायची. उय्यालो म्हणजे झोका. ओळ वर जाते, उय्यालोनं खाली येते. पुन्हा वर जाते.

पण सहाव्या दिवशी तिला रचत नाहीत. कुण्या एका काळी कुणाचा तरी मांसाला लागलेला हात तिला लागला आणि ती रुसली, असं म्हणतात. तेव्हापासून तो दिवस तिच्या रुसव्याचा. त्या दिवशी फूल तोडायचं नाही, फेर धरायचा नाही. तिला तिचं एकटं राहू द्यायचं.

हे गाजूल मॅनेजरला ठाऊक नव्हतं असं नाही. तोही आमच्यातलाच, आमच्याच गल्लीत नागडा फिरलेला. पण विडी कारखान्याच्या मालकांच्या आई त्या दिवशी मुंबईहून आल्या होत्या आणि त्यांनी म्हणे गाडीतून उतरताच विचारलं होतं, तुमच्याकडे बायका फुलांचा सण करतात तो बघायला मिळेल का? मॅनेजर ‘हो’ म्हणून बसला होता.

“सगळ्या चार वाजता माझ्या बंगल्यावर यायचं,” तो म्हणाला. “फुलांची व्यवस्था झालीय. मल्लव्वा, तू पुढं गायचंस.”

“उद्या गाते की. उद्या म्हणाल तेवढी गाते.”

“आईसाहेब आज रात्रीच्या गाडीनं चालल्यात.”

“मग देवीला सांगा, गाडी चुकूलालीय, लवकर रुसवा सोड.”

पुन्हा हशा पिकला. आणि त्या हशानंच घात केला. मॅनेजरनं आमचं कार्ड उचललं. त्यावर रोजच्या विड्यांची नोंद व्हायची. ते दाखवल्याशिवाय विड्या वळायला पान मिळायचं नाही, तंबाखू मिळायची नाही. त्यानं ते दुमडलं आणि शर्टाच्या खिशात घातलं.

“गळा नाही, तर कार्ड नाही,” तो म्हणाला. “पुढची या.”

हशा विझला.

मी तेव्हा लग्न होऊन आलेली नवखी. माझ्या नावाचं कार्ड नव्हतं. सासूच्याच कार्डावर आम्ही दोघी वळायचो. नवरा ज्या कारखान्यात माग चालवायचा तो उन्हाळ्यापासून बंद होता. म्हणजे घरातली चूल त्या खिशात गेली होती. सासूला आमच्यात अत्ता म्हणतात. मला वाटलं, आता अत्ता खिडकीवर हात आपटेल, निदान चार शब्द सुनावेल. ती नुसती पाटी काखेत मारून निघाली.  घरी येऊन रिकामं सूप मांडीवर घेतलं आणि बसली. सुपात पान नाही, तंबाखू नाही; तरी अंगठा आणि बोट विडी वळल्यासारखी एकमेकांवर फिरत होती. मला ते बघवेना.

दुपारी गल्ली आमच्या ओट्यावर जमली.

“जाऊन गाऊन मोकळी हो, मल्लव्वा,” एक म्हणाली. “देवीला काय, ती समजून घेती. मॅनेजर न्हाई घेत.”

“आज हिचं कार्ड गेलं, उद्या आपलं जाईल,” दुसरी म्हणाली.

“म्हणूनच जायचं,” पोशव्वा म्हणाली. पोशव्वा आमच्या शेजारची, अंगानं काडी आणि जिभेनं कात्री. “बोलावलंय, जायचं. उभं राहा म्हणेल, उभं राहायचं. पण तोंड उघडायचं न्हाई. एकीनंही उय्यालो म्हणायचं न्हाई. गाऊ दे त्याच्या बायकोला एकटीला. झोका एका हातानं हलत न्हाई, बघू दे त्याला.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवी सून, हिचा काय भरवसा? माझं माहेर मोहोळकडचं. आमच्या शेजारी मराठा घरं, त्यांच्या जात्यावर बसून मी वाढलेली. माझी तेलुगू मोडकी होती. “हिच्या तोंडात दोन भाषांची खिचडी, आणि ती पण अर्धी कच्ची,” असं अत्ता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

“तुला कळलं का गं, चंद्रकला?” पोशव्वानं विचारलं.

“कळलं.”

“काय कळलं?”

“तोंड उघडायचं न्हाई.”

“हां. एवढं जमेल तुला.”

चार वाजता आम्ही निघालो. अत्ताही पदर खोचून निघाली. पोशव्वा म्हणाली, “तू कशाला? तुला तर काढलंय.”

“घरात बसून रुसलं तर बघणार कोण?” अत्ता म्हणाली.

मॅनेजरचा बंगला नवा होता. अंगणात शहाबादी फरशी, तिच्यावर खुर्च्या, आणि मधोमध बतुकम्मा. ती बघितली आणि आमच्यातल्या दोघी-तिघींनी पदर तोंडात कोंबले. लग्नाचा मांडव घालणाऱ्याकडून करून घेतली होती. गुलाब, निशिगंध, शेवंती, सगळं तारेनं बांधलेलं. खालून एक काठ दिसत होता. उपडी बादली ठेवून तिच्यावर फुलं चढवली होती. आणि शेंड्यावर गौरम्मेच्या जागी नारळ.

“ही बतुकम्मा की सत्यनारायणाचा कलश?” पोशव्वा पुटपुटली.

मालकांच्या आई खुर्चीवर बसल्या होत्या. पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बाई वाईट नव्हत्या. आम्हाला बघून उठून उभ्या राहिल्या आणि हात जोडले. त्यांच्या शेजारी मॅनेजरची बायको सत्यवती, भारी रेशमी पातळात, घामानं भिजलेली. हीच सत्यवती पूर्वी आमच्या गल्लीत सत्तव्वा होती. माझ्या सासूच्या मांडीला मांडी लावून तिनं विड्या वळल्या होत्या. बंगला झाला आणि तिचं येणं थांबलं. नवरा येऊ देत नाही, असं म्हणायचे.

आम्ही फुलांभोवती गोल उभ्या राहिलो. अत्ता मात्र गोलात आली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीच्या पलीकडे, सगळ्यांकडे पाठ करून जमिनीवर बसली.

“ती का तिकडे बसली?” आईसाहेबांनी विचारलं.

“म्हातारी आहे, पाय दुखतात,” मॅनेजर म्हणाला आणि बायकोला खूण केली.

सत्यवतीनं पहिली ओळ टाकली. आवाज गोड होता तिचा, जरा थरथरता. ओळ वर गेली आणि तिथंच राहिली. कुणी झेलली नाही. कुणाची टाळी वाजली नाही. अंगणात कुठंतरी फरशीवर पाणी ठिबकत होतं, ते ऐकू यायला लागलं.

तिनं पुन्हा ओळ म्हटली. आम्ही उभ्या. नजरा खाली, ओठ मिटलेले. मी तिच्याकडे चोरून बघितलं.  तिला सगळं कळत होतं. आजचा दिवस कोणता हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

“लाजतात,” मॅनेजर हसून आईसाहेबांना म्हणाला. “खेड्याकडच्या बायका. सवय नाही.” मग तो गोलाच्या बाहेरून फिरत माझ्या मागं येऊन उभा राहिला. खिशातलं कार्ड बाहेर काढलं, अर्धं, मला दिसेल एवढंच. हळू आवाजात म्हणाला, “सूनबाई, तू तर शिकलेली आहेस. तू ओळ टाक. एक गाणं होऊ दे, जाताना कार्ड घेऊन जा. सासू म्हातारी झालीय, ती हट्ट करणार. घर तुला चालवायचंय.”

मी मान वर केली नाही. पण कार्ड दिसलं होतं. त्याची एक कड तंबाखूनं तांबूस झाली होती, अत्ताच्या बोटानं. गाऊ नये तर घरात उद्या चूल नाही. गावं तर गल्लीत तोंड नाही, आणि अत्तापुढं तर जन्मभर नाही. समोर अत्ताची पाठ. ताठ. हट्टी पोरीसारखी. रुसलेल्या बाईची पाठ.

आणि त्या पाठीकडे बघता बघता मला जात्यावरच्या बाया आठवल्या. घरात कुणी रुसलं की त्या भांडत नसत, समजूत काढत नसत. ओवीत नाव घेऊन गायच्या.

मी तोंड उघडलं.

“रुसली का गं माय, उय्यालो…”

मराठीत. मालकांच्या आईला कळेल अशा मराठीत. बतुकम्मेच्या चालीवर तोपर्यंत आमच्यात कुणी मराठी शब्द घातले नव्हते. पोशव्वानं झटक्यात माझ्याकडे बघितलं. “फितूर!” ती दातातून म्हणाली. मॅनेजरच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तो मागं सरला.

“रुसली कशापायी, उय्यालो…”

कुणी झेलत नव्हतं. माझी ओळ मीच टाकत होते आणि माझा उय्यालो मीच. दुपारी पोशव्वा म्हणाली होती ते खरं होतं, झोका एका हातानं हलत नव्हता.  अत्ताची पाठ आणखी ताठ झाली.

मग मी पाय उचलला. गोलातून बाहेर पडले. फुलांकडे पाठ केली आणि तुळशीच्या पलीकडे, अत्ता बसली होती तिकडे चालायला लागले.

“फुलांचा ढीग उभा, उय्यालो,
फुलांत जीव नाही, उय्यालो,
जीव बसला कोन्यात, उय्यालो,
पाठ करुनी बाई, उय्यालो…”

अत्ताच्या भोवती मी एक फेरा घातला. वाकून टाळी दिली. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

तेव्हा मागून आवाज आला. चिरका, काडीसारखा.

“उय्यालो!”

पोशव्वा. लुगडं सावरत ती जवळजवळ धावत आली आणि माझ्या मागं लागली. तिच्या मागं आणखी एक. मग गोलच उचकटला. फरशीवर पायांचा आवाज झाला आणि सगळी गल्ली तुळशीच्या पलीकडे आली. मांडववाल्याची बतुकम्मा अंगणाच्या मधोमध एकटी राहिली, डोक्यावर नारळ घेऊन. आमच्या फेराच्या मधोमध माझी सासू बसली होती. रुसलेली.

“पान भिजवी पहाटं, उय्यालो,
विडी वळी सांजेला, उय्यालो,
घट्टा बोटाला पडला, उय्यालो,
गळ्याला नाही पडला, उय्यालो…”

आता उय्यालो पंचवीस गळ्यांचा होता. बंगल्याच्या भिंतीवर आपटून परत येत होता. गच्चीवरची कबुतरं उडाली. ओळी कुठून येत होत्या मला सांगता यायची नाही. एक संपायच्या आत दुसरी ओठाशी उभी असायची, नळावर घागरी लावतात तशी.

आईसाहेब खुर्चीवरून उठून जवळ आल्या. चष्मा डोळ्यांवर चढवलेला. “ही कोण बाई? हिच्याभोवती का?”

“लोकगीत आहे, आईसाहेब,” मॅनेजर म्हणाला. “असंच असतं.”

मी ओळ टाकली.

“एक ‘नको’ म्हणाली, उय्यालो,
देवीची आण पाळली, उय्यालो,
कार्ड तिचं गेलं, उय्यालो,
कुणाच्या खिशी गेलं, उय्यालो?”

“कार्ड म्हणजे?” आईसाहेबांनी विचारलं.

 मॅनेजरचा हात आपसूक खिशावर गेला. तो हात सगळ्यांनी बघितला. बायकांच्या टाळ्या आणखी जोरात पडायला लागल्या.

त्याला तिथंच सोडून देता आलं असतं. पण माझी नजर सत्यवतीवर गेली. ती त्या तारेच्या फुलांजवळ एकटीच उभी होती. तिचे ओठ हलत होते. आमच्याबरोबर उय्यालो म्हणत होते, आवाज न करता.

मी चाल खाली आणली. हळू, लहान मुलाला निजवताना म्हणतात तशी.

“खिशाला धनी आहे, उय्यालो,
धन्याला घरधनीण, उय्यालो,
तिच्या बोटाला बघा, उय्यालो,
घट्टा जुना अजून, उय्यालो…”

सत्यवतीनं आपल्या हाताकडे बघितलं. अंगठ्याकडे, तर्जनीकडे. मग ती चालत आली. नवऱ्यापुढं उभी राहिली आणि तो काही म्हणायच्या आत त्याच्या खिशात बोटं घालून कार्ड काढून घेतलं.

“सत्यवती!” तो म्हणाला.

“आज सहावा दिवस हाय,” ती म्हणाली. मोठ्यानं, आमच्या गल्लीच्या बोलीत. “मी सकाळीच सांगितलं होतं तुम्हाला. मी पण आज गायला नको होतं. मला गायला लावलंत.”

फेर थांबला. ती आत आली, भारी पातळासकट जमिनीवर बसली, अत्ताच्या मांडीला मांडी लावून. कार्ड अत्ताच्या पदरात ठेवलं. आणि तेवढ्यात तिला काय वाटलं कुणास ठाऊक, अत्ताच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “उय्यालो, मल्लक्का.”

अत्तानं कार्ड उचललं, उलगडलं, दुमडलेली घडी मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केली आणि कमरेच्या चंचीत खोचलं. मग पहिल्यांदा वळून बसली. सगळ्या अंगणाकडे तोंड करून.

मॅनेजरनं घाम पुसला. आईसाहेबांकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला कळेना. “झालं ना आता?” तो म्हणाला. “मल्लव्वा, मिळालं ना कार्ड? आता तरी फुलांपुढं एक गाणं म्हण. पाहुणे थांबलेत.”

“उद्या,” अत्ता म्हणाली.

“अगं, पण आत्ता सुनेनं गायलं ते काय होतं?”

“ते गाणं फुलांचं न्हवतं. रुसलेलीला समजवायला कोण मनाई करूलालंय? मला समजवूलालत्या पोरी.”

आईसाहेब हसल्या. वाकून त्यांनी विचारलं, “किती दिवस चालतो हा रुसवा?”

“एकच दिस, आईसाहेब,” अत्ता म्हणाली. “जास्त रुसलं तर रोज बुडतो. आमच्या देवीला परवडत न्हाई.”

आईसाहेब मग मॅनेजरकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “गाजूल, मला उद्याच्या गाडीचं तिकीट काढून द्या. आणि या बाईंचं कार्ड पुन्हा कुणाच्या खिशात दिसता कामा नये. तुमच्याही आणि दुसऱ्या कुणाच्याही.”

“हो, आईसाहेब.”

“आणि ती बादली काढा फुलांखालून. मघापासून बघतेय मी.”

पोशव्वाला हसू आवरेना. तिनं भिंतीला हात टेकला, तरी खाली बसलीच. तिच्याबरोबर सगळी गल्ली हसली. सत्यवती हसली, आईसाहेब हसल्या. गाजूल मॅनेजर आत गेला तो बाहेर आला नाही.

घरी परत येताना बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, माझ्या ओळी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, त्यांत आपल्या घालत होत्या. पोशव्वानं माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. “फितूर म्हटलं मी तुला. माझ्या जिभेला चटका द्यावा.”

अत्ता पुढं चालत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर थांबली. मला जवळ येऊ दिलं.

“दुसऱ्या कडव्यात ताल धावला तुझा,” ती म्हणाली.

“हो, अत्ता.”

“घाबरली होतीस.”

“हो.”

“उद्या घाबरायचं न्हाई. उद्या ओळ तू टाकायचीस.”

 गल्लीत ती असताना दुसऱ्या कुणी ओळ टाकल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, “मला सगळी गाणी येत न्हाईत, अत्ता. माझी तेलुगू…”

“जेवढी येतात तेवढी तेलुगूत. संपली की मराठीत. ती देवी हाय, तिला दोन्ही कळतंय.”

सातव्या दिवशी पहाटे आम्ही तरवड आणायला शेताकडे गेलो. सत्यवतीही आली, सुती लुगड्यात. परत येऊन ओट्यावर फुलं पसरली आणि थर चढवायला बसलो. दुपारपर्यंत बतुकम्मा माझ्या कमरेपर्यंत आली. संध्याकाळी ती चौकात नेली. मालकांच्या आई आल्या होत्या. पोशव्वानं त्यांच्यासाठी घरातला पाट आणला होता, पण त्या बसल्या नाहीत, फेरात उभ्या राहिल्या. दिवे लागले. सगळी गल्ली टाळीला हात उचलून माझ्याकडे बघत होती.

मी डोळे मिटले आणि ओळ टाकली.

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं, माझ्या मागून अत्ताचा उय्यालो आला.